‘कधीही ये’ म्हणजे नेमकं कधी? स्वमग्न तरुण आणि आत्महत्या-प्रतिबंधाची भाषा

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. आजचा विषय जड आहे. ऐकताना मध्येच उठावंसं वाटलं तर खुशाल उठा, आम्हाला राग येणार नाही. आणि स्वतःचा किंवा घरातल्या कुणाचा प्रश्न घेऊन कुणी आलं असेल, तर व्याख्यान संपायची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. याच नंबरावर आम्ही पुढे थोडी टीकाही करणार आहोत, पण म्हणून तो वापरू नका असं नाही.

विषयाची पाटी लागल्यावर आमच्या एका जुन्या मित्राचा फोन आला. “अरे, तू तत्त्वज्ञानाचा माणूस, हे डॉक्टरांचं काम. तू कशाला यात पडतोस?” शंका रास्त आहे. आम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि आज उपचार सांगणार नाही. पण एखाद्या तरुणाला वाचवण्यासाठी आपण जी साधनं हातात घेतो ती बहुतेक शब्दांची असतात. प्रश्नावली असते, फोनवरचं बोलणं असतं, कागदावरचा आराखडा असतो. शब्द आपलं काम नीट करतायत की नाही हे बघण्यात आमची चाळीस वर्षं गेली, तेवढ्याच अधिकाराने बोलतो आहोत.

आधी एक प्रसंग. ज्याचा आहे त्याच्या परवानगीने सांगतो, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आमच्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षांतली गोष्ट. वर्गात एक मुलगा होता. पहिल्या बाकावर, भिंतीकडच्या बाजूला. आवाज एकसुरी, नजर कायम फळ्याच्या कोपऱ्यात. त्याला पंचांगांचं वेड होतं. कोणत्या साली अधिक मास कोणता, दोन पंचांगांत तिथीचा फरक कुठे पडतो आणि का, हे तो न थांबता तासभर सांगू शके. एकदा आम्ही त्याला म्हणालो, “काही अडलं तर घरी कधीही ये.” दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला दारावरची बेल वाजली. आम्ही हसलो. स्टाफरूममध्ये हा किस्सा रंगवून सांगितला, सगळे हसले. ते त्याच्या कानावर गेलं असणार, कारण तो पुन्हा कधी आला नाही.

त्याच वर्षी महाविद्यालयाने सगळ्यांकडून समुपदेशनाचा एक फॉर्म भरून घेतला. त्यात प्रश्न होता की स्वतःला इजा करून घ्यावी असं वाटतं का. त्याने ‘नाही’वर खूण केली. फॉर्म फायलीत गेला. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने आम्हाला सांगितलं, “सर, मला इजा नकोच होती. इजा दुखते. मला फक्त नसायचं होतं. तसा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.”

एक दिवस तास संपल्यावर तो टेबलापाशी आला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला, “सर, पुढच्या महिन्यापासून मला येण्याची गरज पडणार नाही.” आम्ही म्हणालो, “बरं, हजेरीचं बघू.” त्या सत्रात आम्ही कामू शिकवत होतो. १९४२ सालच्या ‘मिथ ऑफ सिसिफस’ची सुरुवातच या प्रश्नापासून होते, आणि तेच पुस्तक त्या क्षणी आमच्या हातात होतं.

ओळखलं ते ग्रंथालयातल्या बाईंनी. हा मुलगा पिशवीभर पंचांगं घेऊन त्यांच्याकडे गेला, सोबत सुवाच्य अक्षरातली यादी. “ही ठेवून घ्या, मला आता लागणार नाहीत.” बाईंनी पिशवीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि सरळ विचारलं, “तू जीव द्यायचा विचार करतोयस का?” तो म्हणाला, “हो.” इतकंच. घुमवून फिरवून काही नाही. बाईंनी काउंटर बंद केला, त्याला मागच्या खोलीत बसवलं. तिथला पंखा करकरायचा, तो बंद केला. शिपायाला आमच्याकडे पिटाळलं, त्याच्या आईला फोन लावला, आणि आई येईपर्यंत त्याच्या शेजारी यादीवरचे आकडे ताडून बघत बसल्या. उपदेश केला नाही, खोदून काही विचारलं नाही. तो मुलगा आज पस्तिशीत आहे. तो स्वमग्न आहे हे निदान त्याच्या सत्ताविसाव्या वर्षी झालं.

आता आमची तक्रार मांडतो. एकाच माणसाला दोन प्रश्न विचारले गेले. एक छापील आणि तज्ज्ञांनी तयार केलेला, तो फसला. दुसरा साधा, उघडा, चारचौघांत विचारायची आपल्याला भीती वाटते तसा. तो लागू पडला. असं का झालं?

पहिला दोष आपल्या शब्दापासूनच सुरू होतो. ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९११ च्या सुमारास ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्व’, यावरून ‘ऑटिझम’ हा शब्द चालवला, तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. १९४३ मध्ये कॅनर यांनी अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन करताना तो उचलला, १९४४ मध्ये व्हिएन्नात आस्परगर यांनी. मराठीत आपण ‘स्वमग्न’ केलं. भाषांतर प्रामाणिक आहे, आणि अडचण तीच आहे. ‘मग्न’ म्हटलं की ध्यानमग्न, कार्यमग्न असलं काही डोळ्यांपुढे येतं. माणूस आपल्या मर्जीने बुडालेला आहे, त्याला बाहेर यायचं नाही. मग तो एकटा पडला तर त्यात आपला काय दोष? शब्दानेच आपल्याला निर्दोष सोडलं.

डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये एक निबंध लिहिला. त्यातला मुद्दा थोडक्यात असा की न समजणं दोन्हीकडून असतं. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांना तरी त्याचं कुठे वाचता येतं? आमच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलाने स्पष्ट मराठीत सांगितलं होतं. वाचता आलं नाही ते आम्हाला. ‘स्वमग्न’ शब्द रुळला आहे, म्हणून आजही वापरतो आहोत, पण तो जपून ऐका.

आकड्यांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण पालकांच्या सभांत ते बेफाम फिरतात. “साठ-सत्तर टक्के ऑटिस्टिक मुलं आत्महत्येचा विचार करतात,” असं आम्ही स्वतः ऐकलं आहे. याचं मूळ बहुधा केंब्रिजच्या एका निदान-केंद्रातल्या, २०१४ साली छापलेल्या अभ्यासात आहे. आस्परगर सिंड्रोमचं निदान झालेल्या ३७४ प्रौढांपैकी ज्यांनी उत्तर दिलं, त्यातल्या ६६ टक्क्यांनी आयुष्यात कधीतरी असा विचार आल्याचं आणि ३५ टक्क्यांनी बेत किंवा प्रयत्न केल्याचं सांगितलं. ही माणसं कोण होती? मोठेपणी, बहुतेक बराच त्रास सोसल्यावर, निदानासाठी दवाखान्याची पायरी चढलेली. त्यांच्यावरून सगळ्यांचं मोजमाप काढणं म्हणजे ऑर्थोपेडिक वॉर्डात उभं राहून गावात किती जणांचे पाय मोडले ते सांगणं. देशभरच्या नोंदींवरचे अभ्यास जास्त भरवशाचे. स्वीडनच्या २०१६ च्या अभ्यासात आत्महत्येने मृत्यूचा धोका सुमारे साडेसात पट दिसला, डेन्मार्कच्या २०२१ च्या अभ्यासात पावणेचार पटीच्या आसपास. आकडा देशागणिक हलतो, पण धोका जास्त आहे याबद्दल वाद नाही. स्वीडनमध्ये बौद्धिक अक्षमता नसलेल्यांत तो अधिक होता. म्हणजे जो शिकतो, बोलतो, परीक्षा देतो आणि ज्याच्याबद्दल आपण “त्याचं काय, तो हुशार आहे” असं म्हणतो, तोच.

आणि आपल्याकडे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यात १३,०४४ विद्यार्थी. व्यवसाय, शिक्षण, वैवाहिक स्थिती यांचे रकाने आहेत, कारणांत परीक्षेतल्या अपयशाचा आहे. स्वमग्नतेचा नाही. निदानच न झालेल्या मुलाची नोंद तरी कोण कशी करणार? तो परीक्षेच्या रकान्यात जाऊन बसतो.

आता साधनांकडे वळू. संशोधनात सर्रास वापरली जाणारी चार प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्यातला एक प्रश्न असा की आत्महत्या करणार असल्याचं तुम्ही कुणाला सांगितलं आहे का. सांगितलं असेल तर गुण वाढतात, धोका जास्त धरला जातो. आता बघा, ज्याला सांगायला कुणी नाही, किंवा ही गोष्ट सांगायची असते हेच ज्याच्या मनात येत नाही, त्याचे गुण कमी होतात! एकटेपणामुळे धोका वाढला आणि त्याच एकटेपणामुळे मोजपट्टीवर तो घटला. आणखी एक प्रश्न विचारतो की पुढे कधीतरी तुम्ही प्रयत्न कराल याची शक्यता किती. भविष्याचं असं धूसर चित्र रंगवणं अनेक ऑटिस्टिक माणसांना जमत नाही. ते प्रामाणिक असतात, म्हणून अडकतात. इंग्लंडमध्ये सारा कॅसिडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक लोकांना सोबत घेऊन हे दोष शोधले आणि प्रश्नावलीची नवी आवृत्ती २०२१ मध्ये आणली. आमच्या मते या क्षेत्रातलं हे मोलाचं काम आहे, कारण इथे माणसाला प्रश्नाप्रमाणे वाकवलं नाही, प्रश्नच बदलला.

दुसरं साधन सुरक्षा-आराखडा. स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकन संशोधकांचा हा आराखडा सहा पायऱ्यांचा आहे. धोक्याच्या खुणा, स्वतः करता येण्यासारख्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, तज्ज्ञ, आणि शेवटी घरातली धोक्याची साधनं दूर करणं. कल्पना उत्तम आहे आणि उपयोगी ठरलेली आहे. पण तिसरी पायरी वाचा. माणसांत जा. आपल्याकडचा सल्लाही हाच असतो, “चार लोकांत मिसळ, बरं वाटेल.” ज्याला कँटीनमधला भांड्यांचा आवाज अंगावर येतो, ज्याला हसणाऱ्या घोळक्यात आपण कधी हसायचं याचा हिशेब करावा लागतो, त्याला हा सल्ला म्हणजे आगीतून फुफाट्यात. न्यूकॅसल आणि नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी ऑटिस्टिक लोकांसाठी आराखडा नव्याने बेतला आहे. त्यात माझा त्रास बाहेरून कसा दिसतो, माझ्याशी कसं बोललेलं मला चालतं, अशा गोष्टी आधीच लिहून ठेवता येतात. मन वळवायला पंचांग चालतं, माणसंच लागतात असं नाही. पण आपल्या घरांत काय होतं? परीक्षा जवळ आली की आधी पंचांगं माळ्यावर जातात. ज्या एका गोष्टीला मूल धरून असतं, तीच आपण शिक्षा म्हणून काढून घेतो.

तरीही या नव्या आराखड्याबद्दल आमचा एक आक्षेप राहतो. कागद शेवटी त्या मुलाच्याच खिशात असतो. सगळ्यात वाईट घटकेला सगळ्यात जास्त काम त्यानेच करायचं. खुणा त्याने ओळखायच्या, कागद त्याने काढायचा, नंबर त्याने लावायचा.

नंबरावरून फोन आठवला. टेलिमानस २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालं. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेत ९८८ सुरू झालं, तिथे फोनशिवाय मेसेज आणि चॅटही चालतं. हा फरक किरकोळ वाटेल, पण अनोळखी माणसाला फोन करणं हेच ज्याला दिवसाउजेडी जमत नाही, त्याला मध्यरात्री कसं जमावं? लिहून मदत मागता येणं ही चैन नव्हे, जिन्याशेजारी उतार असावा तशी ती साधी सोय आहे.

आता मुखवट्याबद्दल, आणि इथे आम्हाला जरा रेंगाळायचं आहे. २०१८ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दोन गोष्टी धोक्याशी जोडलेल्या आढळल्या. आपलं वेगळेपण लपवत राहणं ही एक, आणि गरज असून आधार न मिळणं ही दुसरी. आपण मुलांना काय शिकवतो? “डोळ्यांत बघून बोल. हात हलवू नकोस. पाहुण्यांसमोर नीट वाग.” हे शिकवायला पैसे मोजतो, आणि मूल जितकं कमी ऑटिस्टिक दिसेल तितकी ‘प्रगती’ म्हणून लिहितो. बारा-पंधरा वर्षं त्रास न दाखवण्याचं शिक्षण द्यायचं आणि विसाव्या वर्षी विचारायचं, “बाळा, त्रास होत होता तर दिसू का दिलं नाहीस?”

दुर्खीमने १८९७ च्या ग्रंथात आत्महत्येचे प्रकार सांगितले. त्यातले तीन सगळे विद्यार्थी पाठ करतात. समाजाशी नातं सैल होणं, ते फार घट्ट होणं, नियमच ढासळणं. चौथा प्रकार त्याने एका तळटीपेत उरकला. नियमांचा अतिरेक, जिथे माणसाचं पुढचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या शिस्तीने चिरडून बंद झालेलं असतं. आजच्या काळात याला फारसं महत्त्व नाही, असंही तो म्हणतो. आम्हीही वर्षानुवर्षं ती टीप वगळून शिकवलं. परीक्षेत येत नसे ना! आज वाटतं, उठल्यापासून झोपेपर्यंत, कुठे बघायचं आणि आवाज किती चढवायचा हेसुद्धा ज्याला दुसऱ्यांच्या नियमाने करावं लागतं, त्याच्याबद्दल त्या तळटीपेत बाकीच्या ग्रंथापेक्षा जास्त आहे. अशा मुलाला “समाजात मिसळ” सांगणं म्हणजे पहिल्या प्रकारचं औषध चौथ्या प्रकाराला देणं.

सगळा दोष स्वमग्नतेशी होणाऱ्या वागणुकीवर टाकून मोकळं होता येणार नाही, हेही सांगायला हवं. डेन्मार्कच्या अभ्यासात आत्महत्येने गेलेल्या ऑटिस्टिक व्यक्तींपैकी दहात नऊहून अधिक जणांना सोबत दुसरा एखादा मानसिक आजारही होता. नैराश्य असेल तर नैराश्यावर उपचार हवेतच. “तो तसाच आहे, त्याचा स्वभावच आहे,” म्हणून त्याचं नैराश्य न दिसणं, हीसुद्धा एक न वाचण्याचीच जात.

कायद्याचं पटकन सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा नाही, उलट सरकारने तिची काळजी घ्यायची आहे. इंग्लंडने २०२३ च्या धोरणात ऑटिस्टिक लोकांचं नाव घेऊन त्यांना प्राधान्य-गट ठरवलं. तिथेही निदानाच्या रांगा लांबलचक आहेत, तेव्हा नाव घेतलं म्हणजे काम झालं असं नव्हे. पण नावच नसेल तर कुणाला जाब विचारायचा?

प्रश्न घेऊ.

(एका पालक-श्रोत्यांचा प्रश्न: थेट विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू, अशी भीती वाटते.)

ही भीती सगळ्यांना असते. संशोधन मात्र असं सांगतं की विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट अनेकांना हायसं वाटतं. आडून विचारण्यात सोय आपली असते. “काही वेडावाकडा विचार करत नाहीस ना?” या वाक्यात उत्तर आधीच ठरलेलं आहे. ‘ना’ कुठे आहे बघा. शांतपणे, पूर्ण शब्दांत विचारा. उत्तराला वेळ द्या, अर्धा मिनिट, एक मिनिट. बोलणं जमत नसेल तर कागद पुढे करा. आणि उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

(मागच्या रांगेतल्या एका तरुण श्रोत्याचा प्रश्न: तुम्ही मघापासून ‘त्यांना’, ‘ती मुलं’ असं म्हणताय. मी ऑटिस्टिक आहे आणि इथेच बसलोय. आणि स्पीकरचा आवाज फार मोठा आहे, मला निम्मंच ऐकता आलं.)

चूक आमची. तासभर ‘आपण’ म्हणताना तुम्हाला त्यात धरलं नव्हतं, हे खरं आहे. आवाज कमी करा हो जरा. अजून थोडा. आता ठीक? जे निम्मं ऐकू आलं नाही त्याचं टाचण आम्ही लिहून देतो, आणि त्यात काय चुकलं ते तुम्ही आम्हाला लेखी कळवा. बोलूनच कळवायला हवं असं नाही.

(एका शिक्षिकेचा प्रश्न: माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे. मी उद्या नेमकं काय करू?)

“केव्हाही बोल” असं सांगू नका. वार आणि वेळ सांगा. बुधवारी सव्वाचार ते पावणेपाच, अमुक खोली. तो आला नाही तरी तुम्ही त्या वेळेला तिथे बसा. तुम्ही रजेवर असाल तर आधी कळवा, आणि तुमच्या जागी कोण असेल त्याचं नाव सांगा. “कसा आहेस?” विचाराल तर “बरा” असंच ऐकाल. त्याऐवजी मोजता येईल असं विचारा. काल किती वाजता झोप लागली, डबा संपला का, आज वर्गात आवाज फार होता का. उत्तरं बदलायला लागली की लक्ष द्या. आई-वडिलांशी आणि समुपदेशकाशी बोला, पण मुलाला सांगून बोला, पाठीमागून नको. मदतीचा नंबर नुसता हातात देऊ नका. तो बसलेला असताना तुम्ही लावा, तुम्ही बोला, त्याला हवं असेल तर तो मान हलवेल. आमचा तो पंचांगवाला मुलगा अजून दर बुधवारी सव्वाचारला आम्हाला मेसेज करतो. झोपेचे तास आणि त्या दिवसाची तिथी, एवढंच असतं त्यात. एखाद्या बुधवारी आला नाही तर साडेचारला आम्ही फोन करत नाही, कारण फोन त्याला नको असतो. आम्ही मेसेज करतो, आणि पाचपर्यंत उत्तर आलं नाही तर त्याच्या बहिणीला. हे त्याने स्वतः ठरवून, लिहून दिलेलं आहे.